सुट्टी संपलेला माणूस

"भांडन झाला का?"

लष्करातून निवृत्त होऊन कायमचा घरी आलेल्या माणसाच्या बायकोला गोदाकाकू पहिला प्रश्न हा विचारतात. तब्येतीची चौकशी नंतर, पोराबाळांची त्याहून नंतर. त्यांच्यासोबत मी पहिल्यांदा विठ्ठलवाडीला एका सुभेदाराच्या घरी गेले, तेव्हा हा प्रश्न ऐकून पाण्याचा ग्लास माझ्या हातातच राहिला. म्हटलं, आता ही बाई आपल्याला जिना दाखवणार. पण सुभेदाराच्या बायकोने नुसतं आतल्या दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "नाही हो काकू. अजून एकदाही नाही." आणि रडायलाच लागली.

नवऱ्याशी भांडण होत नाही म्हणून रडणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. आमच्या घरी उलटा प्रकार आहे.

मी सरोज लिमये. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. तिथे लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन माझीही जीभ तिखट झाली, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत. डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या बाजूला आमची इमारत आहे. ती गोदाकाकू म्हात्र्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर उभी आहे. काकू तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट दिले, खाली दोन गाळे दिले. लोकांना वाटतं, जमीनवाले म्हणजे सोन्यात लोळतात. काकू मात्र रोज सकाळी गेटवरच्या कोळणीशी बोंबलाच्या वाट्यावरून अशी हुज्जत घालतात, की वॉचमन टाइम बघायचा तर त्यांच्या आवाजावर बघतो. वडील मिठागरावर कामाला होते. लहानपणी काकूंनीही मिठागरात फावडं ओढलंय. त्यांच्या टाचा बघितल्या की ते कळतं, सांगावं लागत नाही.

मला त्या सोबत का नेतात, हे मी एकदा विचारलं. मला वाटलं, म्हणतील, शिकलेली आहेस, चार गोष्टी समजावून सांगशील. त्या म्हणाल्या, "चष्म्याची बाय सोबत असली का लोकं दार उघरतान. तू फक्त बस. बोलू नको." घ्या. एवढी वर्षं लोकांशी बोलून पेन्शन कमावली आणि इथे मला बोलायची बंदी.

तर काकूंचं म्हणणं काय, ते माझ्या शब्दांत सांगते. फौजी माणूस वर्षाकाठी दोन महिने घरी येतो, तेही तुकड्यातुकड्याने. तो आला की घरात सण. त्याच्या पानात मधला तुकडा. पोरांना कोणी ओरडायचं नाही, बाबा आलेत. छत गळतंय, शाळेतून बोलावणं आलंय, नणंद फुगून बसलीय, यातलं काही त्याच्या कानावर घालायचं नाही. बिचारा चार दिवस आलाय, त्याच्या डोक्याला ताप नको. आणि त्याच्याशी भांडायचं तर नाहीच. तिकडे जाऊन तेच डोक्यात घेऊन बंदूक धरील, म्हणून बायको सगळं गिळते. असं पंधरा-वीस वर्षं चालतं. मग एक दिवस तो कायमचा येतो. पण घराला ते कोण सांगणार? घर त्याला सुट्टीवरच धरतं. तुम्ही बसा, तुम्ही राहू द्या, मी करते. पहिले दोन महिने लाड होतात आणि तिसरा महिना लागला की सगळ्यांना, त्यालाही, उगीच वाटायला लागतं की आता याची जायची वेळ झाली. कोणी बोलत नाही, पण वाटतं.

"मंग तो बिचारा आपल्याच घरान पावना," काकू म्हणतात. "पावन्याशी कोन भांडतंय? भांडन झाला का समजायचा, सुट्टी संपली, मानूस घरी आला."

मला हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. म्हटलं, काकू, याला समुपदेशक असतात, ठाण्यात सैनिकांचं कल्याण बघणारं सरकारी कार्यालय आहे, तिथे पाठवा. तर म्हणाल्या, पाठवते ना. पेन्शनचं अडलं, नोकरीचं अडलं, तर तिथेच पाठवते. पण बायकोने भांडावं कसं, हे तिथला साहेब थोडाच शिकवणार आहे? 

त्यांची वाहवा करण्यासाठी नाही सांगत, पण त्यांचं औषध लागू पडताना मी पाहिलंय. विठ्ठलवाडीचे ते सुभेदार पहाटे घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये ओळीने उभं करायचे आणि दिवसाची कामं वाटून द्यायचे. बायको, दोन कॉलेजातली पोरं, सगळे निमूट उभे. का, तर बाबांना वाईट वाटेल. काकूंनी बायकोला सांगितलं, उद्या ओळीत उभी राहू नको, झोपून राहा. ती झोपून राहिली. मोठा वाद झाला, पोरांनीही तोंड सोडलं. सुभेदार दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, मग मी करू काय? आज ते सोसायटीचं पाणी, टँकर, पंप, सगळं बघतात आणि पोरं आठ वाजेपर्यंत लोळतात. ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे नायक हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक जवान होते. ते मॉलमध्ये साबणाच्या फळीपुढे नुसते उभे राहायचे. लष्कराच्या कँटीनमध्ये चार साबण बघायची सवय, इथे शंभर. बायको जाऊन त्यांच्या हातात एक साबण देऊन हाताला धरून आणायची. काकूंनी तिला दम भरला. आणू नको त्यांना. उभे राहू देत. चुकीचा आणला तर ओरड. तिने ओरडून बघितलं. आता ते घरातलं सगळं सामान आणतात आणि भावावरून तिचीच चूक काढतात.

हे सगळं काकू का करतात, ते त्यांनी मला कधी सरळ सांगितलं नाही. थोडं थोडं करत माझ्या कानावर आलं.

त्यांचे यजमान गोविंदा म्हात्रे. मिसरूड फुटायच्या आत फौजेत भरती झाले. काकू त्यांची बायको होऊन आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. सतरा वर्षं फौजेत काढून गोविंदाकाका निवृत्त झाले. घरी जेमतेम पाच-सहा महिने राहिले आणि डीएससीत गेले. डीएससी म्हणजे निवृत्त जवानांना परत वर्दी चढवून दारूगोळ्याच्या डेपोंवर, कारखान्यांवर पहाऱ्याला ठेवणारं दल. पुन्हा तेच, वर्षातून दोन महिने सुट्टी. तिथून सुटून काका घरी आले ते पंचावन्न वर्षांचे होऊन. इमारत तेव्हा नुकतीच उभी राहिली होती. मी त्यांना पाहिलंय. शांत, दाढी घोटून केलेली, इस्त्रीचा शर्ट. एकदा मी काही द्यायला वर गेले होते, तेव्हा काका फ्रीजपुढे उभे होते. त्यांनी काकूंना विचारलं, "यातलं ताक घेऊ का?" स्वतःच्या घरातलं ताक. काकू म्हणाल्या, "घ्या ना, इचारताव काय." पण पुढच्या वेळीही त्यांनी विचारलं. दोन वर्षांत ते गेले. शेवटपर्यंत विचारूनच घ्यायचे.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी काकू कोणाकोणाच्या घरी जायला लागल्या. आधी नात्यात, मग नात्याबाहेर. कँटीनच्या रांगेत एकीने दुसरीला सांगायचं, कोपरची म्हातारी आहे, तिला एकदा बोलाव. असं पसरत गेलं.

काकूंचा एक नियम होता. पुरुषाशी बोलायचं नाही. जे सांगायचं ते बायकोला. "बाप्याला सांगलं का तो 'जी' बोलतो आनि मोकला होतो. त्यांना तीच सवय," असं त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट भावनाची. भावना काकूंच्या चुलतबहिणीची मुलगी, माहेर कोपरचं, दिली ठाकुर्लीला चोळेगावात. नवरा रतन भोईर, तोफखान्यात हवालदार. चोवीस वर्षांची नोकरी करून मागच्या वर्षी गणपतीच्या आधी घरी आला. लग्नाला अठरा वर्षं झालेली, मुलगी अकरावीत. चोळ्याचं जुनं घर पाडून भावाभावांनी तीन मजली बांधलंय, तळमजला याचा. भाड्याचं थोडं येतं, पेन्शन येते, खायची ददात नाही. रतन दारू पीत नाही, आवाज चढवत नाही. भावनाच्या जावा तिला म्हणायच्या, नशीब काढलंस.

गणपती झाले, दिवाळी झाली, आणि एका दुपारी भावना कोपरला आली. मी काकूंकडेच होते, तांदूळ निवडत. ती बसली आणि एका दमात म्हणाली, "मावशी, त्यांना डीएससीचं बोलावणं आलंय. रिटायर होताना अर्ज टाकून ठेवलेला, सगळेच टाकतात म्हणे. महिन्याभरात कन्नूरला हजर व्हायचंय."

काकूंचा सुपातला हात थांबला. "मंग तो काय बोलतो?"

"काय नाय बोलत. मला विचारलं, तुला काय वाटतं. मी बोलले, तुम्ही ठरवाल ते."

"आनि तुना काय वाटतंय?"

भावनाने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, "आता नको गं मावशी. दहा-बारा वर्षं परत नको. पोरगी लग्न होऊन जाईल, मग मी काय भिंतींशी बोलू?"

"मग हे त्याला सांग ना बाई," मी न राहवून म्हणाले. बोलायची बंदी होती, तरी. मला खरंच राग आला होता. एवढं साधं वाक्य, ते बोलायला ठाकुर्लीहून कोपरला यायचं?

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळात चपला घालून गेले. मग काकूंनी सांगितलं. भावनाच्या सासूने तिला लग्नानंतर पहिल्याच सुट्टीला शिकवून ठेवलं होतं, आणि काकूंच्या सासूने काकूंना. शिपायाच्या बायकोने 'नका जाऊ' हे तोंडातून काढायचं नाही. त्याचा पाय अडतो. आणि अडलेला पाय तिकडे घात करतो. त्याला हसून पाठवायचं, हातावर दही द्यायचं, डबा भरून द्यायचा, 'जाऊन या' म्हणायचं. रडायचं असेल तर तो नाक्यावरून वळल्यावर, मोरीत. अठरा वर्षं भावना हे करत आली होती. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. पण जिचा नवरा सीमेवर आहे तिला वेडेपणा सोड म्हणणारी मी कोण? आमचे हे माहिमच्या ऑफिसात बसून टाचण्या मोजायचे.

काकूंनी आपलं नेहमीचं औषध दिलं. "नको जाव बोलू नको. भांड. घरान काय खटकतंय ते काढ आनि भांड. त्याला कल्लं पायजे, आपन सुट्टीवं नाय. मंग तो स्वताच रावंल."

भावनाने मान हलवली. आज्ञाधारक पोरगी. आणि तिथेच घोळ झाला.

तिला भांडता येत नव्हतं. नवऱ्याशी कधी भांडलेलीच नव्हती. मंडईत भाजी निवडावी तसा तिने विषय निवडला आणि घरी जाऊन, मनात दोनदा घोकून, भांडली. विषय होता स्वयंपाकघरातले डबे. रतनने आल्यापासून रिकामा वेळ होता म्हणून तिचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले होते, प्रत्येकावर नाव चिकटवलं होतं. मीठ, हळद, रवा. तिला ते खटकत होतं हे खरं, पण खरं सांगायचं तर थोडं आवडलंही होतं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात तुमचं काय काम? अठरा वर्षं एकटीने सगळं केलंय मी. तुमच्यावाचून काही अडलं नाही माझं."

रतन म्हणाला, "ठीक आहे."

मग त्याने एक तास लावून सगळे डबे पुन्हा पूर्वीच्या जागी ठेवले. कुठे काय होतं ते त्याला पाठ होतं, एकही चुकला नाही. चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या, ओल्या फडक्याने डबे पुसले. हात धुतले, बाहेरच्या खोलीत गेला आणि फोन करून कोणा सोबत्याला सांगितलं, मी येतोय, माझंही रिझर्वेशन कर.

हे भावनाने फोनवर काकूंना सांगितलं, स्पीकर चालू होता, मीही ऐकलं. तिचं शेवटचं वाक्य होतं, "मावशी, मी लाडू करायला घेतलेत."

काकूंनी फोन ठेवला. मला गप्प बसवेना. म्हटलं, "करायला गेलो गणपती आणि झालं माकड." एरवी त्यांनी मला चार शब्द सुनावले असते. त्या नुसत्या म्हणाल्या, "व्हय गो. मीच आगीन लावली."

मधले दिवस काकूंनी दोन-तीनदा फोन केले. भावनाचं एकच, आता काय बोलणार, त्यांनी ठरवलंय. सुकटीची चटणी झाली, तांदळाचे लाडू झाले, नवे बनियन आणले. घर पुन्हा आनंदी झालं होतं. भावनाच म्हणाली, कसं कोण जाणे, पण जायचं ठरल्यापासून ते दोघं जास्त हसून बोलायला लागले. दोघांनाही ते येत होतं. निरोपाची प्रॅक्टिस अठरा वर्षांची होती, सोबत राहायची काहीच नव्हती.

जायच्या दिवशी सकाळी काकूंनी माझं दार वाजवलं. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर. म्हणाल्या, "चल ठाकुर्लीला."

रिक्षात मी विचारलं, तिथे जाऊन करणार काय? त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मिठागरात राबलेली बाई, बिल्डरला घाम फोडलेली बाई, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

चोळ्याला पोचलो तर घराच्या ओट्याशी दुसरी रिक्षा उभी, रतनला ठाण्याला न्यायला. तिथून दुपारची गाडी. बॅग दाराशी होती, वर डबा बांधलेला. मुलगी बाबांना भेटून क्लासला गेली होती, आई म्हणाली होती, नेहमीसारखं जा, रडू नको. रतन पँटशर्ट घालून खुर्चीवर बसून बुटांची नाडी बांधत होता. आम्हाला पाहून उठला, काकूंच्या पाया पडला. "आलात मावशी. बरं झालं. आशीर्वाद द्या."

काकू आशीर्वाद न देताच आत स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. भावना वाटीत दही काढत होती. चेहरा हसरा, अगदी नीट विंचरलेली, गजरा.

"बोल त्याला," काकू म्हणाल्या.

"नाही जमत मावशी. तोंड उघडलं की सासूबाई आठवतात. काही झालं तिकडे तर?"

"तिकडं काय लराई हाय? गेटावं उभा रावायचाय त्याला."

"माहितेय. तरी नाही निघत तोंडातून."

 मग काकूंनी एवढ्या वर्षांचा आपला नियम मोडला. बाहेर आल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करून जावयासमोर उभ्या राहिल्या. आमच्या बाजूच्या जुन्या बायका जावयाशी मान वर करून बोलत नाहीत, हे लक्षात घ्या. काकूंची मान वर होती.

"जावई, एक इचारतंय. खरा सांगा. तिनं रावा बोल्लं, तर रावाल का?"

रतन जरा गोंधळला, मग हसला. फौजी हसू, कुठलाही साहेब समोर असला तरी बसतं ते. "मावशी, ती कशाला राहा म्हणेल? तिची सगळी सिस्टिम बसलेली आहे. माझ्यामुळे डिस्टर्ब होते. तिनेच सांगितलं, माझ्यावाचून काही अडत नाही म्हणून. बरोबर आहे ते. एवढी वर्षं काय अडलं?"

आत काहीतरी ठाणकन पडलं. भावना दारात आली. दह्याची वाटी हातात नव्हती.

"काय अडलं?" ती म्हणाली.

रतनने तिच्याकडे पाहिलं.

"काय अडलं विचारताय? पोरगी पायाळू होती, दोन दिवस अडले होते मी, डॉक्टर विचारत होते नवरा कुठाय, सही कोण करणार. तुमचे बाबा गेले तेव्हा खांद्याला मोठा मुलगा नाही म्हणून लोक काय काय बोलले. पाणी भरलं त्या वर्षी, पोरीला कडेवर घेऊन आणि तुमच्या आईला धरून मी शाळेत जाऊन राहिले, चार दिवस, आणि तुमचा फोन लागला तेव्हा काय बोलले? सगळं ठीक आहे बोलले. दर वेळी अडलं होतं. दर वेळी. सांगणार कुणाला, तुम्ही सुट्टीवर यायचात."

"मग सांगायचं ना," रतनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एकदा तरी सांगायचं. मी तिकडे बसून काय समजायचं? मी दर वेळी गाडीत बसलो की विचार करायचो, ही रडत पण नाही. हिला फरकच पडत नाही."

"मोरीत रडायचे मी."

"मला काय माहीत तू मोरीत रडतेस?"

"आता कळलं ना? नका जाऊ मग. नका जाऊ, नका जाऊ, नका जाऊ." ती तीनदा म्हणाली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, जणू आता छत कोसळणार आहे.

काही कोसळलं नाही. रतन खाली खुर्चीवर बसला. मग उठला आणि म्हणाला, "आणि ते डबे? डब्यांवरून एवढं बोललीस ते?"

"ते डबे खड्ड्यात घाला."

"खड्ड्यात कसे घालू, एक तास पुसत होतो मी."

काकूंनी माझा दंड धरला, मला बाहेर ओढलं आणि दार लावून घेतलं. आम्ही ओट्यावर बसलो. रिक्षावाला म्हणाला, "आजी, साहेबांना बोलवा, गाडी चुकेल." काकू म्हणाल्या, "जा तू. ते नाय येत." त्याने कटकट केली, तेव्हा मी त्याला माझ्या खात्यातल्या भाषेत दोन शब्द सांगितले. तो गेला.

आत भांडण चांगलंच पेटलं होतं. आता रतनच्या आईचा विषय निघाला होता, मग कुठल्यातरी जावेच्या लग्नाचा, मग त्याने न विचारता घेतलेल्या बाइकचा. वरच्या मजल्यावरची जाऊ गॅलरीत येऊन वाकून बघून गेली. ठाण्याची गाडी सुटायची वेळ होऊन गेली, तरी दोघं थांबले नाहीत. मला हसू यायला लागलं, सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, "चला काकू, आपलं काम झालं. घरी जाऊन चहा घेऊ."

"थांब जरा," काकू म्हणाल्या. "ऐकू दे."

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, कान दाराकडे. मला वाटलं, खूश असतील. त्यांच्याकडे पाहिलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"आमचे घरान असा आवाज कवा झालाच नाय," त्या म्हणाल्या. "ते डीएससीला निंगाले तवा दारान तीनदा थांबले होते. एकदा चप्पल इसरली बोल्ले, एकदा रुमाल, एकदा नुसतेच. माज्या तोंडाकडं बघत होते. मी हसून बोल्ली, जावून या."

 पहिल्यांदाच मला बंदी घालायची गरज नव्हती.

"थांबा बोल्ली असती ना सरोज, तं ते थांबले असते."